टाकीवाल्या कडूबाचा अर्ज

पोलिस ॲक्शननंतर आठेक वर्षांनी उस्मानपुऱ्यात पाण्याची उंच टाकी उभी राहिली, तेव्हा खडी वाहणाऱ्यांत कडूबा होता. बांधकाम संपलं, मजूर पांगले. कडूबाला मात्र साहेबांनी टाकीखालचे व्हॉल्व्ह फिरवायला ठेवून घेतलं. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी, हे आता त्याच्या मनगटावर आलं.

तो राहायचा टाकीमागच्या चढावर. पहिल्याच उन्हाळ्यात बोभाटा झाला, "टाकीवाल्याच्या घरी काय, गंगाच असंल!" कडूबाच्या जिव्हारी लागलं. त्यानं स्वतःच्या गल्लीची पाळी सगळ्यांत शेवटी टाकली. तोवर टाकी तळाला गेलेली असायची, चढावर करंगळीएवढी धार यायची. सत्तावीस वर्षं त्यानं हा नेम पाळला. तेवढी वर्षं त्याची बायको सारजाबाई खालच्या गल्लीत घागर घेऊन उभी. तिथल्या बाया म्हणायच्या, "बाई, तुमच्या मालकाला सांगा की!" गल्लीतले शेजारी तर कडूबाला रामराम घालायचेही विसरले. हापिसात मात्र इमानदार म्हणून त्याचं लई नाव.

शेवटी शाल-नारळ घेऊन तो रिटायर झाला. जागेवर मजीद आला, आदबशीर माणूस. उस्तादाचा मान राखावा म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी चढावरचं पाणी आधी सोडलं. नळ धो धो वाहिला. सारजाबाईनं हंडे, बादल्या, परातसुद्धा भरून घेतली. शेजारी पेढे घेऊन आले.

कडूबानं टोपी घातली.

"कुठं निघाले?" सारजाबाईनं विचारलं.

"हापिसात. नेम मोडला त्यानं."

"अहो, लोकं पेढे देऊन राह्यले!"

"उद्या तेच म्हणतील, मीच सांगून ठेवलं व्हतं."

त्या हापिसात अर्ज महिनोन्महिने हलायचे नाहीत. कडूबाचा मात्र दुपारीच मंजूर झाला. दुसऱ्या दिवसापासून चढाची पाळी पुन्हा शेवटी.

सारजाबाई भांडली नाही. दोन घागरी त्याच्यापुढं ठेवल्या. "इमान तुमचं, तर पाणी बी तुमीच आना."

महिनाभर कडूबा बायांच्या रांगेत उभा राहिला. खांदा सुजला, तेव्हा पाळी बदलण्याचा अर्ज घेऊन गेला. साहेब हळहळले. "कडूबा, तुमच्यासारख्या माणसानं नेम मोडायला सांगायचं?"

पुढं टाकीच धोकादायक ठरली, पाडली गेली आणि टँकर आला. तो पहिला चढावरच थांबायचा, कारण वळायला जागा तिथंच होती. सारजाबाई सगळ्यांच्या आधी भरून घ्यायची. कडूबा ओट्यावर चुळबुळत बसायचा. याची तक्रार कुणाकडं करावी, हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.