नकाशावरचं लाल घर

पुराच्या तयारीसाठी ग्रामपंचायतीत बसून मी गावातलं एकेक घर कॉम्प्युटरवरच्या नकाशात भरत होते. ज्या घरात कुणाला चालता येत नाही, ते घर लाल दिसायचं. नदीकाठच्या शांताकाकूंचे यजमान अंथरुणाला खिळलेले. माहिती द्यायला आलेल्या काकू आपलं घर लाल झालेलं पाहून ओशाळल्या.

"पुसा ते. त्यांना मी उचलीन."

"काकू, लाल घराकडे होडी आधी पाठवतात."

त्या स्क्रीनजवळ सरकल्या. मदत मागणं माणसाला किती जड जातं! मग शेजारच्या घरावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "हेही लाल करा. म्हातारी एकटीच असते. गुडघ्यांमुळे तिला उठवत नाही, पण ती कुणाला सांगायची नाही."

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला मी शेजाऱ्यांबद्दलही विचारू लागले.