जावयाचे मासे आणि लख्खबाई

दाखला देण्यात येतो की सदर महिला, वय वर्षे एकसष्ट, उंची पाच फूट एक इंच, ओळखीची खूण डाव्या मनगटावर ब्लीचिंग पावडरचा पांढुरका डाग, ही एका मोठ्या रुग्णालयात स्वच्छता पर्यवेक्षक या पदावर सलग एकतीस वर्षे कार्यरत होती. या काळात तिच्या अखत्यारीत बावीस कर्मचारी, चार वॉर्ड व एक शस्त्रक्रियागृह होते. जंतूंना कोणत्याही प्रकारची सवलत दिल्याची नोंद आढळत नाही. ताब्यात आलेली एकही वस्तू साबण लागल्यावाचून राहिलेली नाही. वर्तणूक : उत्तम.

दाखल्यात नाही ते एवढंच, की बावीसच्या बावीस जण त्यांना पाठीमागे लख्खबाई म्हणत. फरशी पुसून झाली की बाई खाली वाकायच्या, एक डोळा बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "स्वच्छ आहे. लख्ख नाहीये." मग फरशी पुन्हा पुसली जायची.

निवृत्तीनंतर बाईंकडे फक्त स्वतःचं घर उरलं, आणि ते पंधरा दिवसांत घासून संपलं. त्यामुळे जावयाला सहा आठवडे कामासाठी बाहेरगावी जायचं ठरलं, मुलगीही बरोबर निघाली आणि घर सांभाळायला कोणीतरी हवं झालं, तेव्हा बाई बॅग भरूनच बसल्या होत्या.

घर सांभाळायचं म्हणजे खरं तर बैठकीतला फिश टँक सांभाळायचा. चार फुटी टाकी, समुद्रासारखं खारं पाणी, तळाला वाळू, मध्ये भोकाभोकांच्या दगडांचा ढीग. टाकी आठ वर्षांची आणि आतले दोन नारिंगी मासे सात वर्षांचे : एक मोठी मादी आणि तिच्या धाकात राहणारा लहानखुरा नर. मुलगी म्हणायची, "हा माझा वाढदिवस विसरेल, पण ह्यांचं पाणी बदलायचा वार विसरणार नाही."

जावयाने चिठ्ठी लिहून ठेवली होती. सकाळ-संध्याकाळ एक चिमूट खाणं. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी खुणेपर्यंत साधं गाळलेलं पाणी, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. दर रविवारी एक बादली जुनं पाणी काढून मीठ कालवलेलं नवं. आणि शेवटी, खाली दोन रेघा ओढून : बाकी कशालाही हात लावू नका.

"हे कुणासाठी?" बाईंनी रेघांवर बोट ठेवलं.

"घरात तुम्हीच असाल ना, आई," जावई म्हणाला आणि निष्कारण चष्मा पुसू लागला.

"अगं, त्याचा जीव आहे त्यांच्यात," मुलगी म्हणाली. "आणि तुझे हात शिवशिवणार, मला माहितेय."

"ऑपरेशन थिएटर सांभाळलंय मी. दोन मासे जड नाहीत मला."

हात नऊ दिवस आवरले. दहाव्या दिवशी बाईंनी फिल्टरचं झाकण फक्त बघण्यासाठी म्हणून उघडलं. आत काळाकुट्ट, गाळाने बुळबुळीत झालेला स्पंज होता. "पाणी साफ करणारा तो हा?" बाई रिकाम्या घराला म्हणाल्या. पुढचं सगळं एका दुपारीत झालं. मासे त्यांच्याच पाण्यासकट बादलीत गेले. दगड नळाखाली ब्रशने घासले गेले. वाळू तांदळासारखी धुतली गेली. स्पंजाला साबण लागला आणि मग वास जाईपर्यंत अकरा पाण्यांनी तो निघाला. संध्याकाळी मीठ कालवलेल्या पाण्याने टाकी भरून, मासे परत सोडून झाल्यावर बाईंनी वाकून एक डोळा बारीक केला. लख्ख होती.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधट झालं. मासे वर येऊन धापा टाकू लागले. मोठी खायला येईना. नंतर ती दगडामागे जाऊन पडून राहिली.

मुलगी ओरडली असती आणि विसरली असती. जावई ओरडला नसता, हीच पंचाईत होती. तो म्हणाला असता, "असू दे, आई." आणि ते 'असू दे' बाईंना जन्मभर पुरलं असतं.

बाईंनी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि शोभेच्या माशांचं दुकान गाठलं. दुकानदाराने एका नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. नळी हिरवीगार झाली.

"अमोनिया," तो म्हणाला. "पिवळं हवं होतं. काय केलंत, मावशी?"

"साफ केलं."

"काय काय?"

"सगळं."

दुकानदार स्टुलावर बसला. "माशांची घाण म्हणजे विष. ते खाऊन संपवणारे जंतू त्या दगडांत राहतात, त्या स्पंजात राहतात. वर्षानुवर्षांचा स्टाफ होता तो. तुम्ही एका दुपारीत सगळ्यांना कामावरून काढलंत."

एकदा रुग्णालयाच्या ठेकेदाराने बावीसपैकी सहा जण कमी करायचं ठरवलं, तेव्हा ह्याच बाई त्याच्या दारात खुर्ची टाकून दोन दिवस बसल्या होत्या. सहाही जण राहिले होते.

"किती होते?" बाईंनी विचारलं.

"कोण मोजतंय? कोटींच्या घरात."

"मग नवी भरती कशी करायची, ते सांगा. आधी तुमच्याकडचा सगळ्यात घाणेरडा स्पंज दाखवा."

त्याने एक काढला. "हा नको. धुतलेला दिसतोय," बाई म्हणाल्या. दुसराही परत गेला. शेवटी मागच्या जुन्या टाकीतून एक काळा, ठिबकणारा गोळा बाहेर आला. बाईंनी तो उजेडात धरून सगळ्या बाजूंनी तपासला.

"हा द्या. अनुभवी वाटतोय."

"मावशी, चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक नाही बघितलं," दुकानदार म्हणाला आणि एक शेवाळलेला दगड वर घातला. अमोनिया तपासायची नळी आणि थेंबांची बाटली बाईंनी स्वतःच मागून घेतली.

टाकीला त्या दिवसापासून रुग्णाचा दर्जा मिळाला. काचेला तक्ता चिकटवला गेला : वेळ, अमोनिया, तापमान, खाल्लं, नाही खाल्लं. रोज पाचवा हिस्सा पाणी बदललं जाई. मीठ आदल्या दिवशीच कालवून ठेवलेलं असे. चौथ्या दिवशी धाकट्याने खाल्लं. मोठी दगडामागेच. बाई काचेशी खुर्ची घेऊन बसल्या. "हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं काही बरंवाईट झालं, तर तो मला एक अक्षर बोलणार नाही. तेवढं नको करूस."

दहाव्या दिवशी नळी पिवळी झाली. बाईंनी पुन्हा तपासलं, कारण रुग्णालयात पिवळं ही चांगली बातमी कधीच नसे. तरी पिवळीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी दगडामागून निघाली, चिमूट पाण्यावर पडते न पडते तोच तिने धाकट्याला ढुशी मारून बाजूला केलं आणि सगळं स्वतः गट्ट केलं. एकतीस वर्षांत बाईंनी वॉर्डात कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या दिवशी वाजवल्या, एकटीने, बराच वेळ.

मुलगी-जावई परतले तेव्हा जावयाने बॅग खाली ठेवायच्या आधीच बाईंनी तक्ता त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं. त्याने तो उभ्याउभ्याच वाचला, पहिल्या ओळीपासून. मग टाकीत पाहिलं. मोठीने त्याला ओळखलं आणि खाण्यासाठी काचेवर धाव घेतली.

"आई," तो म्हणाला, "पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. सगळं घासून काढलं होतं."

"मग?"

"माझे मेले."

मुलगी एवढी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. बाई हसल्या नाहीत. फक्त पाठ ताठ झाली, पाच फूट दोन इंच वाटण्याइतकी. जावयाने विषय बदलायला मागच्या काचेकडे बोट दाखवलं. "तिथे जरा शेवाळ धरलंय. पुसून घेऊ?"

"खबरदार," लख्खबाई म्हणाल्या. "ड्युटीवर आहेत ते."

टाकीचा कारभार तेव्हापासून बाईंकडे आहे. दर रविवारी त्या येतात आणि एक बादली पाणी बदलतात. तो स्पंज आत आहे. चौदा महिने झाले, त्याला साबण लागलेला नाही.