जर्मन नटाची परीक्षा
खोबरेलात कालवलेल्या रंगाचा वास आला की नारायणगावची तमाशाची राहुटी आठवते. कॉलेजात जर्मन शिकत होतो, म्हणून एका म्हाताऱ्या जर्मन नटाचा दुभाषा झालो होतो. आयुष्यभर नाटक-सिनेमांत नोकर, शिपाई, खुनी अशी लहान कामं केल्याचं तो सांगे. त्याला रंगपटात बसायचं होतं, पण फडातला जुना सोंगाड्या दारातच आडवा आला. “भाऊ, ह्यो नट वाटत न्हाई. आमची सोंगं चोरून न्यायला आलाय.” मी ते जर्मनमध्ये सांगितलं. पाहुण्यानं बोटावर काळा रंग घेतला आणि आरशाविना मिशी रेखली, दोन्ही टोकं अगदी सारखी. फडातला एकुलता एक आरसा नायिकेकडे असे. सोंगाड्याही असाच आरशाविना तोंड रंगवायचा. तो हसला. “बसा पावणं! तुमालाबी आरसा मिळत नव्हता व्हय?” आज कबूल करतो, तोवर पाहुण्याचं प्रत्येक वाक्य मी स्वतःला न पटताच मराठीत सांगत होतो.