हर्डीकरकाका आणि हरवलेला ‘ह’

आदरणीय श्री. दिगंबरराव हर्डीकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला. काकांच्या कामात सर्वांत मोठा घोळ मीच घातला, हे संपादकांना बहुधा ठाऊक नसावे. तो घोळ आज सांगून टाकते.

मी पुण्याहून जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला नोकरीसाठी आले, तेव्हा इमारतीच्या तळमजल्यावर ‘हर्डीकर’ ही पाटी पाहून बेल वाजवली. हातात सरकारी पत्र होते. त्यात एकच वाक्य, अकरा ओळींचे. काकांनी ते शांतपणे वाचले. “फोटो लहान पाठवलात, एवढंच म्हणताहेत.” सुमनकाकूंनी चहा टाकला. काकांनी विचारले, “कॉलेजात कोणती भाषा घेतली होती?”

“रशियन. दोन वर्षं.”

“वा!” म्हणत काका आत गेले आणि कागदांचे खोकेच घेऊन आले. चहा गाळून होईपर्यंत मी त्यांची शिष्या झाले होते.

काकांचे काम असे. दोनशे वर्षांपूर्वी या भागातली कितीतरी जर्मन कुटुंबे जमिनीच्या आशेने रशियात गेली आणि पुढे पार कझाकस्तानपर्यंत पांगली. त्यांच्या वंशजांना आता परत यायचे तर आपण जर्मन वंशाचे असल्याचे कागद दाखवावे लागतात. ते असतात अभिलेखागारात, अशा जुन्या वळणाच्या अक्षरात की खुद्द जर्मनांनाही वाचता येत नाही. काकांना येते. निवृत्तीनंतर ते मुद्दाम शिकले. स्वतः मात्र चाळीस वर्षे इथे राहूनही भारतीय पासपोर्ट बाळगतात. याबद्दल विचारले की म्हणतात, “मी भारतीय आहे, यावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही. यांच्यावर घेतात. म्हणून आधी यांचं.”

कागदाबाहेरचा एक शब्द ते बोलत नाहीत. एका गृहस्थांना आपले पूर्वज सरदार असल्याची खात्री होती. निघाले गावची डुकरं राखणारे. गृहस्थ चिडले. काका नम्रपणे म्हणाले, “कागदावर डुकरं आहेत. मी घोडे कुठून आणू?”

आता माझा घोळ. आमच्या शेजारी लिडियाबाई राहतात. त्या कझाकस्तानातून नवऱ्याच्या कागदांवर इथे आल्या. त्यांचा एकुलता भाऊ व्हिक्टर तिकडेच राहिला. साठी उलटलेली, बायको गेलेली, आणि बहिणीला वीस वर्षांत पाहिलेले नाही. त्याचा अर्ज फेटाळला गेला, कारण आजोबा जर्मन असल्याचा पुरावा नव्हता. हरकत घ्यायला एक महिना होता. काकांनी हरकत नोंदवली आणि पुराव्यासाठी मुदत मागून घेतली. आजोबांच्या रशियन दाखल्यावरचे आडनाव मी मोठ्या ऐटीत वाचले, “गान.”

झाले! पाच महिने काकांनी गान शोधले. स्टुटगार्टमध्ये शोधले, बर्लिनला पत्रे पाठवली, चर्चच्या वह्यांच्या फिल्म पाहून डोळे लाल केले. जर्मनीत गान नावाचे कुणी नव्हतेच. लिडियाबाई रोज जिन्यात विचारायच्या, “आल्झो, हेर हर्डीकर?” म्हणजे, मग काय झालं? आणि काका रोज टोपी काढून म्हणायचे, “उद्या.”

एका रविवारी लिडियाबाई आमच्यासोबत काकांकडे कॉफीला बसल्या होत्या. व्हिक्टरचा फोन आला. बोलणे झाल्यावर त्या हसून म्हणाल्या, “विचारतोय, तुमच्याकडून गांबुर्ग किती लांब?”

“हे कुठलं गाव?” काकूंनी विचारले.

“अहो, हांबुर्ग! रशियनमध्ये ह कुठे असतो? आम्ही त्याला ग म्हणतो.”

काकांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिले. मला पहिल्या वर्षाचा पहिला धडा आठवला आणि जमिनीत जावेसे वाटले.

“म्हणजे रशियात मी गर्डीकर,” काका म्हणाले. “आणि हे गान म्हणजे हान!”

हान म्हणजे जर्मनमध्ये कोंबडा. इथे गल्लीगल्लीत हान आहेत. पुढच्या महिन्यातच बर्लिनहून फाइल आली. आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत आले होते. त्यांनी फॉर्मवर सगळ्या भावंडांची नावे, जन्मतारखा लिहून ठेवल्या होत्या आणि स्पष्ट शेराही होता: हान, रशियन कागदांत गान. मूळ पुरुषाचे गाव तर आमच्यापासून चार बसस्टॉपवर निघाले. काका तीस वर्षे तिथून बटाटे आणत होते! चर्चच्या वहीत पाद्रीबाबांनी लिहिले होते, “प्रवचनात घोरतो. रशियास गेला.”

मग अर्ज फेटाळणाऱ्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

“आपण अर्जदाराचे नातेवाईक?”

“नाही. त्यांच्या बहिणीचा शेजारी.”

“आपण स्वतः जर्मन?”

“नाही, साताऱ्याचा.”

बाईंनी सावकाश विचारले, “आणि आपलं म्हणणं, हे गृहस्थ जर्मन आहेत?”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” काका म्हणाले, आणि पान क्रमांकासह सगळा पुरावा सांगत सुटले. बाई शेवटी म्हणाल्या, “पुरे, पुरे. पटलं.”

माझ्या चुकीबद्दल काकांनी कधी अवाक्षर काढले नाही. अहवालात मात्र लिहिले, ‘रशियन वाचनासाठी बहुमोल साहाय्य.’ मी ते खोडायला गेले, तर म्हणाले, “अहो, तुम्ही गान वाचलं नसतंत, तर हान कुठून सापडला असता?” कागदाबाहेर न बोलणाऱ्या माणसाने माझ्यासाठी एवढी सूट घेतली.

व्हिक्टर आले, तेव्हा विमानतळावर आम्ही सगळे होतो. लिडियाबाईंनी भावाची बाही धरली ती सोडलीच नाही. दोघेही रडत होते, काकूही रडत होत्या. काकांनी चष्मा पुसला आणि विचारले, “प्रवास ठीक झाला ना? येताना जुने कागद काही आणलेत का?”

त्यांनी आणले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही. आज काकांच्या बैठकीत खोक्यांमुळे सोफा दिसत नाही, आणि पाहुणे जेवणाच्या टेबलाशी बसतात. काकूंचे म्हणणे, हे सगळे पूर्वज एकदाचे सापडावेत आणि घर मोकळे व्हावे. काकूंचा मान राखून मी देवाकडे उलटेच मागते. काकांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे अभिलेखागाराच्या पायऱ्या चढत राहोत, आणि त्या खोक्यांतल्या मंडळींनी अजून निदान पंचवीस वर्षे तरी सापडू नये.