ट्रॅक्टरातला करंट

कोरेगावला फौजदार असतानाची ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. रहिमतपूरकडचा एक ऊस बागायतदार तावातावाने ठाण्यात शिरला. "आवं साहेब, माज्या ट्रॅक्टरातला करंट चोरीला जातोय!"

ठाणे अंमलदाराने लेखणी खाली ठेवली. गुरे, इंजिने, कोंबड्या, सगळ्या चोऱ्या त्याने नोंदवल्या होत्या. मुद्देमाल म्हणून 'करंट' कसा लिहावा, हे त्याला सुचेना.

हकीकत अशी. बॅटरी चार्ज करून आणली, की दोनच दिवसांत ट्रॅक्टर चालू होईना. बॅटरी जागेवर, पण उतरलेली. तोडलेला ऊस फडात वाळत होता. संशय ड्रायव्हरवर, त्याला आत टाका, असा फिर्यादीचा आग्रह.

मी ड्रायव्हरला दरडावले. तो रडकुंडीला आला. "साहेब, करंट चोरून म्या काय करू? भाकरीसंगं खाऊ?"

उत्तर बिनतोड होते. मी त्याला घरी पाठवले.

सुगावा दिला गावच्या न्हाव्याने. "फिर्यादीचा बाप, आबा, क्रिकेटचा स्कोर पेपर यायच्या आदी सांगतोय." त्या वस्तीवर वीज नव्हती आणि पहिल्या दिवशी बॅटरी पाहायला गेलो तेव्हा घरचा ट्रान्झिस्टर सेल संपून फळीवर पडलेला मी स्वतः पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांत गेलो. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून दोन वायरी भिंतीच्या भोकातून शेजारच्या कडब्याच्या खोलीत गेल्या होत्या. आत लष्करातले निवृत्त हवालदार आबा, शेजारी पलटणीतून आणलेला ट्रंकेएवढा जुना रेडिओ. तो गाडीच्या बॅटरीवर चालायचा आणि करंट पाण्यासारखा प्यायचा. मी तोंड उघडले, तर आबांनी हात वर केला. "गप रं! ओवर संपू दे."

ओवर संपेपर्यंत मी उभा राहिलो.

तेवढ्यात फिर्यादी मुलगा आला, मागून ड्रायव्हर. "आबा, तुमी?"

"सेल आण म्हणून किती येळा सांगितलं तुला? आणलंस?" मग आबा माझ्याकडे वळले. "साहेब, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर हाय, इचारा ह्येला."

मुलगा जमिनीकडे बघत पुटपुटला, "आबांच्याच."

चोरीचा गुन्हा तिथेच संपला. आता मुलगा न विचारता ट्रॅक्टर नेतो म्हणून आबाच फिर्याद देऊ लागले! त्यांना कसेबसे आवरले आणि मुलाला ड्रायव्हरसमोर उभे केले.

"चुकलं गड्या माजं," तो म्हणाला. पुढे आबांसाठी वेगळी जुनी बॅटरी आली आणि ती चार्जिंगला न्यायचे काम मुलाकडे आले.

तेव्हापासून 'संशय कोणावर?' यानंतर मी फिर्यादीला आणखी एक प्रश्न विचारू लागलो. घरात म्हातारे माणूस कोण आहे, आणि त्याचा वेळ कसा जातो? कित्येक फिर्यादी त्या प्रश्नावर घरी परत गेले.