कळसूबाईपेक्षा बुटका डोंगर

आमच्या मँचेस्टरच्या मराठी ट्रेकिंग ग्रुपवर श्रीरंगने नोव्हेंबरअखेरचा हेल्वेलिन डोंगराचा ट्रेक जाहीर केला, तेव्हा मी विचारलं, "वर बर्फ आहे. सगळ्यांकडे नीट बूट आहेत?" त्याचं उत्तर आलं, "अगं मेधा, कळसूबाई सोळाशे मीटर, हा साडेनऊशे. बच्चा आहे!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. माझा संताप तिथेच सुरू झाला. तरीही गेले. बहुधा सगळे जाणार होते म्हणून.

पहाटे निघून एम सिक्स मोटरवेने पेनरिथ, मग तळ्याकाठच्या रस्त्याने पायथ्याचं गाव ग्लेनरिडिंग. पार्किंग लवकर भरतं आणि चारला अंधारतं, म्हणून उशीर करू नका. गावातल्या दुकानात बूट, बुटांना लावायचे लोखंडी काटे आणि बर्फाची कुऱ्हाड भाड्याने मिळते. दारावरच त्या दिवशीचा अहवाल होता: माथ्याजवळ बर्फ गोठून टणक झालाय, साधनांशिवाय धारेवर जाऊ नका.

श्रीरंगने तो वाचला. "या इंग्रजांचं हेल्थ अँड सेफ्टीचं खूळ!" म्हणाला आणि चालू लागला.

ग्रुपमधली केतकी नागपूरहून सप्टेंबरातच आलेली, पायात जिमचे शूज. "बूट घेऊ का मी?" तिने विचारलं.

"पिठीसाखर भुरभुरलीय नुसती," ग्रुपमधला नितीन म्हणाला. "चल गं!"

खालची वाट सोपी आहे. चिखल, तपकिरी नेचे, मधूनच मेंढ्या. चढ संपतो तिथे दगडी भिंत लागते आणि पलीकडे ती प्रसिद्ध अरुंद धार सुरू होते. दगडांवर काचेसारखा बर्फ होता. पहिल्याच दगडावर केतकी घसरली. मी तिची सॅक धरली म्हणून थांबली. खाली कितीतरी खोल काळं तळं दिसत होतं.

"मेधाताई, मला नाही जमणार," ती पुटपुटली.

"वर गोल करून सगळ्यांचा फोटो, ही आपली पद्धत आहे," श्रीरंग म्हणाला. "एकीसाठी मोडायची?"

"नका मोडू. आम्ही दोघी उतरतोय."

"हट्टी आहेस."

"आहे. अजून कोणी येतंय?"

नितीन हातमोजे नीट करत राहिला.

खाली गावातल्या कॅफेत सूप समोर घेऊन आम्ही दोघी डोंगराकडे बघत बसलो. अंधारता अंधारता सगळे धडधाकट परतले. मला हायसं वाटलं, आणि लगेच रागही आला. काही झालं नाही, म्हणजे आता श्रीरंगचंच खरं. हा राग कितपत न्याय्य, हे गाडीत मी स्वतःला विचारत होते. त्यांना काही व्हावं असं मला वाटत होतं का? नाही. पण केतकी घसरली तो क्षण कुणी हिशेबात धरायलाच तयार नव्हतं.

घरी पोचले तोवर ग्रुपवर फोटो आला होता. खाली श्रीरंगची ओळ: "दोघींना थंडी झेपली नाही."

केतकीने उत्तर दिलं, "थंडी झेपली, दादा. बर्फावर शूज घसरत होते." फोटोला मात्र अंगठे येत राहिले.

मग मला एकटीला नितीनचा मेसेज आला: "खरं सांगू? मलाही परत फिरायचं होतं गं."

मी लिहिलं, "हे ग्रुपवर लिही."

त्याने वाचलंय. अजून लिहिलेलं नाही.