सरव्याचा इंग्रजी शब्द

'ग्लीन' हे इंग्रजी क्रियापद मी मोताळ्याच्या शाळेत शिकले, महाराष्ट्र नुकता झाला होता तेव्हा. नंतर पुष्कळ इंग्रजी शब्द पाठ केले आणि विसरलेही. हा मात्र घरचाच होऊन बसला.

त्या हिवाळ्यात ज्वारी निघाली तरी माय सरव्याला जाईना. पीक उचललं की वावरात पडलेली कणसं गरीब बायांनी वेचायची, मालकाने अडवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाप नसलेल्या आमच्या घराचा उन्हाळा त्या कणसांवर निघायचा. पण ज्या वावरात माय वेचायची, त्याच्या मालकाची पोर माझ्या वर्गात होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. ती मला 'सरवेवाली' म्हणू लागली. ते मायच्या कानावर गेलं. "लाजेपायी तुही शाळा सुटली नाही पाह्यजे," एवढंच बोलून ती घरी बसली. मला त्या पोरीचा असा राग आला म्हणता! आणि उन्हाळ्यात खायचं काय, याची धास्ती वेगळीच.

अशात धड्यात 'ग्लीन' आला. सरांनी अर्थ विचारला. मग त्यांनीच सांगितलं: कापणीनंतर मागे राहिलेलं धान्य वेचणे. थोडीथोडी माहिती गोळा करण्यालाही पुढे तोच शब्द लागला. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांना लॅटिनमधून मिळाला, आणि त्याच्याही आधी तो बहुधा तिकडच्या जुन्या शेतकऱ्यांच्या बोलीत होता.

"राजे आले, गेले. वेचणाऱ्या बायांनी शब्द सोडला नाही," सर म्हणाले. असं शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मी उठले. "सर, आपण याला सरवा म्हणतो. माझी माय वेचते."

कुणी हसलं नाही. सरांनी फळ्यावर 'ग्लीन'च्या शेजारी 'सरवा' लिहिलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"साहेबायच्या देशातबी बाया सरवा वेचत?"

"हाव."

"अन् त्यायच्या पोरी?"

"त्याबी वेचत, मायसंगं."

"शाळेत नाही जात?"

"त्या काळी गरिबाच्या पोरीले कुठली शाळा, माय?"

तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "मंग आपलं बरं हाये. उद्या तू शाळेत जाय, मी सरव्याले जातो."